एका हातानं वळणारी गाडी

कंपनीची बस संध्याकाळी मला गारखेड्याच्या कोपऱ्यावर सोडायची. घरात शिरावं तर मुलगा झोपलेला असायचा. रोजच. सुरुवातीला बरंच वाटलं. दिवसभर उभं राहून पाय दुखायचे, जरा टेकायला मिळायचं, चहा गरम असताना पिता यायचा. मग एकदा चहा पिता पिताच मनात आलं, सहा महिन्यांचं मूल इतकं कसं झोपतं?

माझी नोकरीही तशीच, शंका काढायची होती. वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. मोटारींचे सुटे भाग टेबलावर यायचे आणि त्यांच्यावर संशय घ्यायचा मला पगार मिळायचा. एखादा भाग जास्तच चकचकीत दिसला तर त्याच्या खाली काय लपवलंय ते आधी बघायचं. आठवडाभर हेच केल्यावर माणूस घरातल्या स्टीलच्या डब्यालाही उलटसुलट करून बघायला लागतो.

माझी रजा संपली तेव्हा मुलाला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न आला. माझी आई शाळेत शिकवत होती, तिला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा सासूबाई आल्या. कन्नडच्या पुढे त्यांचं गाव. ऊस, मका, थोडा कापूस. शेतावर गडी, घरात दहा-बारा माणसांचा स्वयंपाक. तिथला सगळा कारभार त्यांच्या शब्दावर चालायचा. आमचं लग्न दोन्ही घरांना फारसं पसंत नव्हतं. आमच्याकडे आजोबांपर्यंत भिक्षुकी आणि पुढे कचेरीतल्या नोकऱ्या, त्यांच्याकडे जमीनजुमला. लग्नानंतर दोन्हीकडचे लोक गोड बोलायला शिकले होते, पण सासूबाई चार दिवसांपेक्षा जास्त आमच्याकडे कधी राहिल्या नव्हत्या. आता त्या राहायला आल्या होत्या आणि माझं मूल दिवसभर त्यांच्या ताब्यात होतं. ‘ताब्यात’ हाच शब्द माझ्या मनात यायचा.

एका रविवारी माझी आई आली. नातू झोळीत पेंगुळलेला. तिनं त्याच्या गालाला बोट लावलं, तो जरासा हलला आणि पुन्हा झोपला. सासूबाई अंगणात कपडे काढायला गेल्या तशी आई माझ्या कानाशी आली.

“दिवसा काही देत नाहीत ना गं याला?”

“काही म्हणजे?”

“झोपायला. खेड्यात पूर्वी सर्रास द्यायचे. बोटाच्या टोकावर एवढीशी अफू. मूल गप पडून राहतं, बायका कामाला मोकळ्या.”

“काहीतरीच काय आई!”

“मी काही म्हणत नाही. तू लक्ष ठेव एवढंच.”

ती गेली, पण ते वाक्य घरात राहिलं. त्या दिवसापासून मी कामावरून आले की आधी मुलाला उचलून त्याचं तोंड हुंगायची. दुधाचा वास, लाळेचा वास. कधी कधी काहीतरी कडवट आहे असं वाटायचं आणि पुन्हा हुंगलं की नाहीसं व्हायचं. उजेडात नेऊन त्याची बुबुळं बघायची. तळपायाला हळूच चिमटा काढायची. तो जागा व्हायचा, हसायचा, आणि मला त्या हसण्याचाही भरवसा वाटायचा नाही. त्याच्या डोक्याची मागची बाजू चपटी व्हायला लागली होती. म्हणजे मूल दिवसभर पाठीवरच पडून होतं.

मग न्हाणीघरात बादलीच्या मागे सहाण सापडली. चंदनाची आमच्याकडे होती तीच. तिच्यावर तांबूस काळा लेप वाळलेला होता. नाकाशी नेली, उग्र वास आला. बाळाला गुटी वगैरे काही द्यायचं नाही, हे मी सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डॉक्टरांचं नाव पुढे करून सांगितलं होतं, त्यांना राग येऊ नये म्हणून.

“आई, सहाण कशाला काढली होती?”

“अशीच. धुवायला.”

“धुतलेली तर नाही.”

“मंग धुईन की.” त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि नळाखाली धरली.

नवऱ्याला मी त्या दिवशी हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता तोवर शांत होता, अफूचा शब्द निघाला तसा उठून बसला.

“आम्ही चार भावंडं तिच्याच हाताखाली वाढलोय.”

“तुम्हालाही दिली असेल.”

हे मी बोलायला नको होतं. पुढे दोन दिवस आमचं बोलणं मीठ-भाजीपुरतंच उरलं.

बाबागाडीची कल्पना माझी. कामावरच्या एका मैत्रिणीनं घेतली होती. मी घरी सांगितलं की लेकराला मोकळी हवा मिळेल. खरं कारण दुसरंच होतं. आमच्या कॉलनीच्या बागेत संध्याकाळी बायका बसायच्या. मूल रोज बागेत गेलं तर चारचौघींच्या नजरेत राहील. गुंगीत असेल तर कुणीतरी म्हणेल, अहो, हे असं का करतंय. घरात काय चालतं ते मला दिसत नव्हतं. बाहेर माझ्या वतीनं बघणारं कुणीतरी असेल.

सासूबाई तूरडाळ निवडत होत्या तेव्हा मी विषय काढला. त्यांचा हात ताटातच थांबला.

“कशाला? माझ्या कडेवर काय काटे हायत?”

“तसं नाही आई. तुम्हाला संध्याकाळी फिरवता येईल त्याला.”

“गाडीत घालून?”

“हो.”

त्या पुन्हा डाळ निवडायला लागल्या. नंतर मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एकट्याला गाठून त्यांनी विचारलं, “त्या पाळणाघरवालीनं आणायला सांगितली का रे गाडी?” त्या यायच्या आधी मी एक पाळणाघर बघून आले होते. ते त्यांना कुणी सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही. नवरा म्हणतो, त्यानं नाही.

मला वाटलं आता गाडी बारगळली. पण शनिवारी जेवताना त्या आपण होऊन म्हणाल्या, “उद्या जायचं का गाडी बघायला? मी बी येते. मी ढकलणार तर मलाच बगू दे.” इतक्या चटकन त्या तयार झाल्या याचाच मला संशय आला.

शहागंजमध्ये घड्याळाच्या मनोऱ्यामागे एका बोळात मुलांच्या सायकली, पाळणे आणि वॉकर विकणारं एक दुकान होतं. छताला पाळणे टांगलेले, खाली सायकली एकीला एक टेकून उभ्या, चालायला जागा नाही. दुकानदार मऊ बोलणारा, तोंडात पान. माझ्या नवऱ्याच्या कडेवरचं मूल बघून त्यानं हातातलं सगळं टाकलं.

“आव बाई, बैठो. क्या होना? झूला, वॉकर?”

“बाबागाडी.”

त्यानं दोन चारचाकी गाड्या काढल्या आणि बाहेर रस्त्यावर आणून ठेवल्या. मी माझ्या सवयीनं वाकले. ब्रेक दाबून बघितला, एका चाकाला लागत होता, दुसऱ्याला नाही. दुसऱ्या गाडीचा पट्टा ओढला तर त्याची शिवण उसवली. दुकानदार हसला, पण त्याच्या हसण्यात आता सावधपणा आला होता.

“बाई, आप क्या दुकान चेक करने को आए?”

सासूबाई तोवर पहिली गाडी ढकलत चार पावलं पुढे गेल्या होत्या. गाडी सरळ जाईना. डावीकडे तोंड वळवून ती शेजारच्या भांड्याच्या दुकानाकडे निघाली.

“ही वढ घेती एका अंगाला,” त्या म्हणाल्या.

दुसरीही त्यांनी नापसंत केली. “हिची चाकं लई बारीक. आपल्या गल्लीत खड्ड्यात बसंल.” ते खरं होतं. पण मी बघत होते ते वेगळंच. त्या दोन्ही गाड्या उजव्याच हातानं ढकलत होत्या. डावा हात पदराखाली.

मग दुकानदारानं आतून तीनचाकी काढली. पुढे एकच चाक, मोठं, हवा भरलेलं, सायकलीसारखं; मागे दोन. कापड निळं, जरा उन्हानं विटलेलं. म्हणाला, बंबईचा माल आहे, बाहेरचा, असली गाडी अख्ख्या शहरात कुणाकडे नाही.

तीन चाकांवर माझा विश्वास नव्हता. जालना रोडवर भरधाव वळणाऱ्या रिक्षा एका बाजूला कलताना मी रोज बघत होते. आणि पुढच्या टायरवरची नक्षी मधोमध झिजलेली दिसली.

“ही वापरलेली आहे.”

“नई बाई, खुदा कसम. दुकान में बच्चे लोगां घुमाते ना, थोडा घिस गया.”

“घरातल्या मुलांनी दुकानात फिरवून टायर असं झिजत नाही. ही रस्त्यावर चाललेली आहे.”

तो काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी गाडीची दांडी धरली. एकाच हातानं. पुढचं चाक आपोआप फिरलं. त्यांनी दांडी नुसती मनगटानं दाबली तशी गाडी जागच्या जागी वळली. समोरून केळ्यांचा हातगाडा येत होता, एक स्कूटर उलटी घुसली होती. त्यांच्यामधून सासूबाई ती निळी गाडी घेऊन पार बोळाच्या तोंडापर्यंत गेल्या आणि वळून आल्या. चेहऱ्यावर मी कधी न बघितलेला आनंद होता. शेतावर नवी बैलजोडी आल्यावर असाच दिसत असेल, असं मला वाटलं.

“हीच घ्या,” त्या म्हणाल्या.

“आई, ही कलंडेल.”

“नाय कलंडत. बग की, मुंगीसारखी वळती.”

“घडी घालून बघा. आपल्या दाराला पायऱ्या आहेत, उचलून न्यावी लागेल.”

दुकानदारानं दाखवलं: दोन्ही बाजूंचे खटके एकदम वर ओढायचे की गाडी मिटते. सासूबाईंनी खटक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “तू घाल घडी. मी बगते.” मी घातली. सोपी होती. “आता तुम्ही.” त्यांनी पदर सावरला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “हिला सांग, घडी काय मी रोज घालणार हाय? गाडी खालीच ऱ्हाईल जिन्याखाली.”

तेवढ्यात मुलगा कडेवर चुळबुळायला लागला. आजीला बघून त्यानं दोन्ही हात पसरले आणि अंग पुढे झोकलं. नवऱ्याला पाकीट काढायचं होतं. “आई, घे जरा,” म्हणत त्यानं मूल पुढे केलं.

सासूबाई एक पाऊल मागे सरल्या.

ज्या बाईनं मला डाळ निवडता निवडता विचारलं होतं की माझ्या कडेवर काय काटे आहेत, ती हात पसरलेल्या नातवापासून मागे सरली होती. क्षणभराचीच गोष्ट. लगेच त्या म्हणाल्या, “गाडीत बसव की, बसून तर बगू दे त्याला.” नवऱ्यानं मुलाला गाडीत ठेवलं. त्याच्या लक्षात काही आलं नाही. माझ्या आलं.

मी दुकानदाराकडून पुढचं टायर बदलून घेतलं. त्यानं कुरकुर केली, पण आतून कोरं टायर आणलं. म्हणजे माझा संशय खरा होता. पट्टे ओढून पाहिले, ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना लागतो का ते पाहिलं. हे सगळं करताना माझं लक्ष त्या पदराकडे होतं. रिक्षात गाडी आमच्या गुडघ्यांना टेकून उभी होती. मुलगा बापाच्या मांडीवर आणि सासूबाई दाराच्या बाजूला, उजव्या हातानं दांडा धरून. वाटेत मला एकेक गोष्ट आठवत गेली. झोळी फरशीला टेकेल इतकी खाली बांधलेली असायची. ज्वारीची भाकरी हा ज्यांचा जीव, त्यांनी आल्यापासून एकदाही भाकरी थापली नव्हती. म्हणायच्या, तुमच्या गॅसवर जमत नाय. त्यांचा अंबाडा नसायचा, केस नुसतेच मागे ओढून पदराखाली घेतलेले.

घरी पोचल्यावर नवरा मुलाला गाडीत घालून गल्लीत फेरी मारायला गेला. घरात आम्ही दोघीच. त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या.

“आई, डावा हात वर करा.”

“कशाला?”

“करा तर.”

“काय पोलिसावानी बोलती!”

मी तशीच उभी राहिले. दारात. त्यांना बाहेर जायचं तर मला बाजूला करावं लागलं असतं. त्यांनी पेला ओट्यावर ठेवला आणि हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. त्यांनी दात आवळून आणखी वर न्यायचा प्रयत्न केला तसा खांदा कानाकडे चढला, हात नाही. कोपराच्या वर हाड जरासं बाहेर आल्यासारखं दिसत होतं.

“कधीपासून?”

“आले त्याच दिवशी. कन्नडला जीपमधून उतरत होते, पदर अडकला अन् हातावर पडले. यस्टीत बसेपर्यंत सुजला. मांडीवर पिशवी घेतली, तिच्याखाली झाकला.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीत?”

“सांगून काय? म्हणला असता, जा माघारी. लेकरू पाळणाघरात. नायतर तुझी आई नोकरी सोडून आली असती. ती एकदा बसली की मंग आमचं काय काम हितं?” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नळाकडे बघत होत्या. “दिवसभर झोळी हलवत ऱ्हायचे. पायाला दोरी बांधून. उठलं की दूध पाजायचं, चटईवर ठेवायचं, रडलं की पुन्हा झोळी. एका हातानं छातीशी वढून घ्यायचे. कडेवर नाय घेतलं. निसटलं असतं तर?”

मी विचारलं ते नेमकं नको तेच.

“आणि सहाण?”

“आंबेहळद अन् रक्तबोळ. लेप लावत होते, सूज उतरायला.” आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला काय वाटलं? अफू?”

मी दारातून बाजूला झाले.

“तू रोज येती अन् लेकराचं तोंड हुंगती. पयलं वाटलं, मुका घेती. पन मुका घेनारी बाई डोळे मिटती. तुझे उघडे असत्यात.”

“मग तेव्हाच का नाही विचारलंत मला?”

“तू इचारलंस?”

बाहेरून गाडीची घंटी वाजली. नवऱ्यानं सायकलची एक घंटी दुकानातून फुकट मागून घेतली होती आणि ती दांडीला बसवून तो मुलाला खूष करत होता. तो आत आला, दोघींचे चेहरे बघून म्हणाला, “काय झालं?” सासूबाई म्हणाल्या, “काय नाय. हिला हात दावत होते.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. दवाखान्यात हाताचा फोटो काढला तेव्हा दिसलं की हाड मोडलं होतं आणि आपल्याआपण जुळलंही होतं, जरा तिरकं. खांदा मात्र पार आखडला होता. डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, “इतके दिवस आणलं का नाही यांना?” अफूच्या बोलण्यानं जितका चिडला नव्हता तितका तो त्या दिवशी स्वतःवर चिडला. परत येताना आईला म्हणाला, “मी रोज तुझ्यासमोर बसून जेवत होतो.” त्या म्हणाल्या, “तू ताटात बगून जेवतो बाबा, लहानपणापास्नं.”

भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सुरू झाला. दुपारी मुलाला उचलून घ्यायला शेजारच्या एक काकू यायला लागल्या, आणि शाळेला सुट्टी लागल्यावर माझी आई. त्या दोघी एका घरात कशा नांदल्या हे सांगायला वेगळा कागद लागेल. माझी आई सासूबाईंच्या प्रत्येक काढ्याकडे वाकून बघायची, आणि सासूबाई तिनं ढवळलेल्या दुधात साखर किती पडली ते चाखून बघायच्या. मला मात्र एक बरं झालं. मुलगा जागा राहायला लागला. इतका, की संध्याकाळचा गरम चहा पुन्हा कधी मिळाला नाही.

तरीही त्याचं तोंड हुंगणं मी लगेच सोडलं नाही. उलगडा झाला म्हणून सवय जात नाही. कारखान्यात एकदा बाद ठरवलेला भाग नंतर निर्दोष निघाला, तरी पुढच्या खेपेला हात त्याच्यावर जास्त वेळ रेंगाळतो, तसं ते होतं. दर रविवारी मी पाना घेऊन गाडीचे नटही आवळायची. पुढच्या चाकाबद्दल माझ्या मनात शेवटपर्यंत किंतू होता.

सासूबाई रोज संध्याकाळी गाडी घेऊन बागेत जायच्या. आमची गल्ली तेव्हा पाण्याच्या नळासाठी खणून ठेवलेली होती, मातीचे ढीग, वर फळ्या टाकलेल्या. त्या फळ्यांवरून त्या एका हातानं गाडी नेत, घंटी वाजवत. गल्लीतली पोरं वाट द्यायची. काही दिवसांनी बागेतल्या एका बाईंनी मला हसत हसत गाठलं. “तुमच्या सासूबाई म्हणत होत्या, सुनेनं गाडी घेतलीय ती माझ्यावर पाळत ठेवायला.”

मी घरी येऊन विचारलं, “आई, हे काय सांगत फिरता?”

“खोटं हाय का?”

मी नाही म्हणाले नाही.

“मंग,” त्या म्हणाल्या. “म्हनून तर रोज नेते. बगू दे की सगळ्यांना.”

मुलगा बालवाडीत जायला लागेपर्यंत त्या आमच्याकडे राहिल्या. हात खांद्याच्या वर काही गेला नाही. भाकरी थापता यायला लागली, पण डोक्यामागे अंबाडा बांधणं जमेना. तेव्हा सकाळी बस यायच्या आधी मी त्यांची वेणीफणी करायची. त्या उंबऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसायच्या, मी मागे स्टुलावर. पाठमोऱ्या असताना त्या जास्त बोलायच्या. शेताचं, नणंदांचं, सासऱ्यांच्या रागाचं, मला कुणी कधी न सांगितलेलं. केस पातळ होते, पण लांब. हळूच फणी घालावी लागायची.

त्या गावी परत गेल्या तेव्हा ते काम माझ्या जावेकडे गेलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. सगळ्यांची विचारपूस झाली, नातवाशी बोलून झालं. मग आवाज खाली आणून, शेजारी कुणी ऐकत असावं तसं, त्या म्हणाल्या, “केस लई वढती गं ही. मुद्दाम वढती का काय, कोन जाणं. तू आलीस की बग जरा.”